गाडी स्वस्त, पार्ट प्रीमियम

'फर्स्ट ओनर, डॉक्टर यूज्ड, अर्जंट सेल!' सेकंडहँड गाड्यांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवायचा ठरवला, तर महाराष्ट्रातल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांनी वापरल्यात, त्याही फक्त घर ते दवाखाना. उरलेल्या निम्म्या कुणीच वापरलेल्या नाहीत, त्या नुसत्या 'कव्हर घालून ठेवलेल्या' आहेत. बरं, गाडीही साधीसुधी नसते. अलॉय व्हील्स, स्टिअरिंगवर बटणं, मागे एसी व्हेंट, चालवताना हातात येणारा तो गुबगुबीत गिअर नॉब... आणि किंमत नव्या, टिनपाट एन्ट्री-लेव्हल गाडीपेक्षाही कमी! तुमच्या-माझ्यासारख्यांचा जीव तिथेच अडकतो. पगार बरा, पण एवढाही नाही. आवडीनिवडी मात्र एकदम टॉप मॉडेल.

माझा तर पगारही नाही. मी फ्रीलान्स लिहिते, म्हणजे सॅलरी स्लिप नाही, म्हणजे बँकेच्या लेखी मी जवळजवळ अस्तित्वातच नाही. जुन्या गाडीच्या लोनचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो, त्यात माझ्यासारखी गिऱ्हाईक म्हटल्यावर तो आणखी चढतो. म्हणून 2023 च्या ऑगस्टमध्ये मी साठवलेल्या पैशांतून गाडी घेतली. 2016 ची, पेट्रोल, मॅन्युअल, 52 हजार किलोमीटर, 4 लाख 10 हजार. जवळ 4 लाख 60 हजार होते. 50 हजार मुद्दाम बाजूला ठेवले होते, गाडीसाठीच. कंपनीचं नाव सांगणार नाही. एका गाडीची उणीदुणी काढण्यात मला रस नाही, आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी पुढची गोष्ट फारशी बदलत नाही.

मुळात ही 'प्रीमियम हॅचबॅक' नावाची जात आपल्याकडे आली ती सरकारी टॅक्समधून. 2005 मध्ये स्विफ्ट आली आणि छोटी गाडी म्हणजे गरिबाची गाडी हे समीकरण मोडलं. 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंतच्या आणि डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांची एक्साइज ड्युटी 24 वरून 16 टक्क्यांवर आली. मग काय, प्रत्येक कंपनीने त्या चार मीटरमध्ये जमेल तेवढा थाट कोंबायला सुरुवात केली. 2008 च्या शेवटी आय-ट्वेंटी, 2009 मध्ये जॅझ, 2010 मध्ये आपल्या चाकणमध्ये बनणारी पोलो, 2015 मध्ये बलेनो. आज यातल्या पोलो आणि जॅझ नव्या मिळतच नाहीत. एक 2022 मध्ये बंद झाली, दुसरी 2023 मध्ये. पण सेकंडहँड बाजारात या सगळ्या मुली अजून मिरवतायत, आणि नव्या असताना ज्यांना त्या परवडल्या नव्हत्या ते सगळे आता त्यांच्या रांगेत उभे आहेत. मीसुद्धा.

फंडा असा आहे की गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पार्टची उतरत नाही. साडेआठ लाखांची गाडी सात वर्षांनी चार लाखांना मिळते. तिचा हेडलॅम्प मात्र साडेआठ लाखांच्या गाडीचाच राहतो. उलट तो दरवर्षी थोडा महागच होतो. तुम्ही चार लाखांची गाडी चालवता आणि साडेआठ लाखांच्या गाडीचा मेंटेनन्स भरता. हे गणित डोक्यात पक्कं असेल तर पुढचं सगळं सोपं जातं. खिशाला नाही, मनाला.

गाडी बघायला मी सकाळी साडेसहाला गेले होते, इंजिन गार असताना. गार इंजिन खोटं बोलत नाही, असं आमचे मेकॅनिक काका म्हणतात. काकांना 700 रुपये देऊन सोबत नेलं होतं. त्यांनी सगळ्यात आधी बॉनेट उघडलं नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, शेवटपर्यंत. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा सीटबेल्ट तळाशी मळकट असतो, तेवढा भाग धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का ते बघितलं. क्लचच्या पेडलचं रबर बघितलं. मीटर 30 हजार दाखवतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, म्हणजे मीटर मागे केलेलं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: 4516, म्हणजे 2016 च्या 45 व्या आठवड्यात बनलेले. सात वर्षांचे टायर! त्यावर मी 15 हजार कमी करून घेतले. सर्व्हिस रेकॉर्ड जुळलं, ई-चलन थकलेलं नव्हतं, आधीच्या मालकाचं लोन फिटलेलं होतं आणि बँकेची एनओसी व फॉर्म 35 तयार होता. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घेतल्या. इन्शुरन्सचं मात्र एक बघा: नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो आणि त्याच्याबरोबरच जातो. त्यामुळे मालक कितीही सज्जन असला तरी तुमची सुरुवात शून्यापासून.

थोडक्यात, गाडी चांगली होती. आजही चांगली आहे. आणि तरीही ती खर्चाला कमी पडली नाही.

याचं कारण मला हळूहळू कळलं. सात-आठ वर्षांच्या गाडीत इंजिन क्वचित त्रास देतं. त्रास देतं ते रबर आणि प्लॅस्टिक. त्यांना किलोमीटर कळत नाहीत, त्यांना वय कळतं. 'गाडी जास्त फिरलेलीच नाही' हे विकणारा कौतुकाने सांगतो, पण उन्हात नुसत्या उभ्या गाडीचंही रबर कडक होतंच की!

सुरुवात आवाजापासून झाली. आमच्या सिंहगड रोडवरच्या स्पीडब्रेकरवरून जाताना डावीकडून 'खडक' असा आवाज यायचा, एखाद्याने डब्यात दोन गोट्या टाकाव्यात तसा. लिंक रॉड, असं काकांनी गाडी जॅकवर न घेताच सांगितलं. मग खाली जाऊन बघितल्यावर लोअर आर्मचे बुश, शॉकअपच्या वरचे माउंट अशी सगळी गँगच निघाली. साडेसतरा हजार. चकचकीत दिसणारी 16 इंची अलॉय आणि त्यावरचे बुटके टायर यांची ही किंमत. टायरची भिंत कमी उंचीची, म्हणून खड्ड्याचा मार थेट सस्पेन्शनला. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला 15 इंची साधी चाकं येतात, ती दिसायला बापुडवाणी पण पुण्यात शहाणी. चार टायर मला 24 हजार 800 ला पडले, तेव्हा त्या बापुडवाण्या चाकांबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला.

मग एप्रिल 2024 मध्ये एसी. थंड हवा येईना, तर एका ठिकाणी नुसता गॅस भरून घ्या म्हणाले. गॅस हा काही पेट्रोलसारखा संपत नाही. सिस्टिम बंद असते. गॅस कमी झाला म्हणजे गळतोय, एवढं सरळ आहे. बंपरच्या जाळीमागे बसलेला कंडेन्सर बारीक खड्यांनी आणि गंजाने फुटला होता. बदलून, गॅससकट 14 हजार 200.

आणि उंदीर! याबद्दल कुठल्याच रोड टेस्टमध्ये लिहीत नाहीत. 2024 च्या पावसाळ्यात एका सकाळी गाडी सुरू झाली, पण डॅशबोर्डवर दिवाळी. चेक इंजिन, एबीएस, जे जे लागू शकतं ते ते लागलेलं. बॉनेट उघडलं तर बॅटरीवर अर्धा पाव आणि चघळलेल्या वायरी. जुन्या गाडीत दोन वायरी जोडून टेप मारली की काम भागायचं. या गाडीत प्रत्येक सेन्सरची वायर वेगळी आणि कुठली तुटली ते शोधायलाच दीड दिवस गेला. 6 हजार 500. पाव कुठल्या फ्लॅटमधला होता ते आम्हाला सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. काकांनी इंजिनच्या कोपऱ्यात तंबाखूची पानं पुरचुंडी करून बांधली. उंदीर गेले की नाही माहीत नाही, पण एसी लावला की गाडीत पानटपरीचा वास येतो.

इथपर्यंत सगळं पैशांचं होतं. वैताग यायचा, चार मित्रांना सांगून हसायचो.

माझी आई साताऱ्याला असते, एकटी. 2024 च्या सुरुवातीला तिच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला वयोमानाने येणारा आजार निघाला. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात. आधी दर महिन्याला, मग हळूहळू अंतर वाढवतात. पुण्यात इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी तपासणी आणि मग मी तिला सोडायला सातारा. डोळ्यात धूळ जायला नको, पाणी जायला नको, म्हणून गाडी. तेव्हापासून 'रिलायबिलिटी' हा शब्द माझ्यासाठी मासिकातल्या स्टार रेटिंगमधला राहिला नाही.

मे 2025. दुपारचा दीड, खंबाटकी घाट चढताना, पुढे ट्रकची रांग, सेकंड गिअर, एसी फुल्ल. आई शेजारी काळा गॉगल लावून डुलकी घेत होती. या गाडीला टेंपरेचरचा काटाच नाही. असतो तो नुसता एक लाल दिवा, आणि तो लागतो तेव्हा खूपच झालेलं असतं. तो लागला. एसी बंद केला, हीटर फुल्ल केला; इंजिनची उष्णता थोडी तरी आत खेचली जाते म्हणून. मेमध्ये हीटर! वळणाच्या पुढे जागा मिळाली तिथे गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद. बॉनेटखालून वाफ आणि कूलंटचा तो गोडसर वास. अशा वेळी टाकीचं झाकण कधी, कधीच उघडायचं नाही. आत उकळतं पाणी प्रेशरखाली असतं, ते थेट तोंडावर येतं.

आई जागी झाली. "काय गं, आलं का सातारा?"

"नाही, घाट आहे. गाडी गरम झालीय. बस तू."

"एवढी महागाची गाडी ना गं ही?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

इन्शुरन्सबरोबर 'रोडसाइड असिस्टन्स' घेतला होता, वर्षाला काही शे रुपयांचा. टोइंगची गाडी तासाभराने आली. तो तास मी ओढणीने आईच्या चेहऱ्यापुढे आडोसा धरून उभी होते, कारण शेजारून जाणारा प्रत्येक ट्रक ढगभर धूळ उडवत होता. टोइंगवाल्या दादांनी आईला हात देऊन केबिनमध्ये बसवलं आणि आम्ही साताऱ्यात मिरवणुकीसारखे पोचलो, गाडी मागे.

निघालं काय? थर्मोस्टॅटचं हाउसिंग. प्लॅस्टिकचा, मुठीएवढा पार्ट. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन त्याला केसाएवढी चीर गेली होती. घाटात प्रेशर वाढलं आणि ती उघडली. साताऱ्यात तो मिळेना. नाना पेठेतून काकांनी शोधला आणि एसटी पार्सलने पाठवला. होज पाइप, नवं कूलंट, मजुरी धरून 9 हजार 300. तुमची गाडी सात वर्षांच्या पुढची असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी नुसतं ऑइल बदलून घेऊ नका. कूलंटचे पाइप दाबून बघायला सांगा, टाकीतली लेव्हल दर पंधरा दिवसांनी स्वतः बघा. टाकीवर मिनिमम-मॅक्सिममच्या रेघा असतात, त्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. मास कॉमवाल्यांनाही जमतं.

आणि ऑगस्ट 2025 मध्ये क्लच. पेडल जड झालं होतं, चढावर इंजिन ओरडायचं पण गाडी पुढे सरकेना. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये 75 हजार किलोमीटर टिकला म्हणजे तक्रारीला जागा नाही. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट 38 हजार. काकांचं 21 हजार 400, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं धरून. फरक कशाचा? क्लच, फिल्टर, ब्रेक पॅड असले बरेच पार्ट गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. बॉश, व्हॅलिओ, ल्यूक अशा कंपन्या बनवतात. तोच पार्ट गाडीच्या कंपनीच्या खोक्यात महाग आणि बनवणाऱ्याच्या खोक्यात स्वस्त. हा डुप्लिकेट माल नव्हे, त्याच्यापासून लांबच राहा.

पण 21 हजारही नव्हते. दोन ठिकाणचं मानधन अडकलेलं, एकाचे तर नव्वद दिवस उलटून गेलेले. बाजूला ठेवलेले 50 हजार केव्हाच संपलेले. खात्यात जे होतं ते आईच्या पुढच्या इंजेक्शनचं. त्यामुळे निवड वगैरे करायची वेळच आली नाही. गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली आणि आई एसटीने आली.

"अगं, अठ्ठावीस वर्षं एसटीनेच शाळेत गेले मी," ती म्हणाली. इंजेक्शननंतर मात्र तिला धुळीतून परत पाठवायची माझी हिंमत होईना, म्हणून पाच दिवस ठेवून घेतलं. एवढी सलग ती माझ्याकडे पहिल्यांदाच राहिली. एका डोळ्याने तिने माझं सगळं स्वयंपाकघर लावलं. हिंग अजून सापडलेला नाही.

त्याच दिवसांत मी गाडी विकायचा विचार केला. ऑगस्टच्या सुरुवातीला एका डीलरने 3 लाख 10 हजार सांगितले होते. मग 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला: चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा टॅक्स 28 टक्के अधिक सेस होता तो 18 टक्के, 22 सप्टेंबरपासून. नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि साहजिकच जुन्याही आपटल्या. तोच डीलर नोव्हेंबरमध्ये 2 लाख 70 हजारांवर आला. म्हणजे घेणाऱ्याला आजचे दिवस बरे, विकणाऱ्याला नाहीत. मी ऑक्टोबरमध्येच एक मानधन जमा झाल्याबरोबर क्लच टाकून घेतला होता.

आता हिशेब. ऑगस्ट 2023 पासून तीस महिन्यांत गाडी 30 हजार किलोमीटर चालली. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि वर सांगितलेली सगळी दुखणी मिळून 1 लाख 19 हजार 900. तीन वर्षांचा इन्शुरन्स 26 हजार 300. एकूण 1 लाख 46 हजार 200, म्हणजे महिन्याला पावणेपाच हजारांच्या वर. किलोमीटरला 4 रुपये 87 पैसे. पेट्रोल लिटरला सरासरी 105 आणि अ‍ॅव्हरेज साडेतेरा धरलं तर किलोमीटरला 7 रुपये 78 पैसे. किंमत घटली 1 लाख 40 हजारांनी, ते 4 रुपये 67 पैसे. बेरीज 17 रुपये 32 पैसे. इएमआय नाही, हे खरं. पण 'फुकटात फिरतो' म्हणणारे जे असतात ना, त्यांनी कधी टायर बदललेले नसतात.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर ते आधी साडेचौदा होतं. मधे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच, त्यासाठी न बनलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. माझं साधारण तेवढंच घटलंय. अर्थात गाडीही म्हातारी होतेय, सगळं खापर इथेनॉलवर फोडणं बरोबर नाही. 2023 च्या एप्रिलआधीची गाडी घेत असाल तर फ्युएल पाइप आणि सील एकदा तपासून घ्या, एवढंच.

परवा एक मैत्रीण विचारत होती, ऑटोमॅटिक घेऊ का म्हणून. तिलाही बजेट चारचंच. मी म्हटलं, आधी कुठलं ऑटोमॅटिक ते बघ. एएमटी वेगळं, सीव्हीटी वेगळं, टॉर्क कन्व्हर्टर वेगळं. ड्राय ड्युअल क्लच चालवायला जाम भारी, पण रखडत्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो, आणि वॉरंटी संपल्यावर बिघडला तर बिल लाखात जातं. 2013 मध्ये चीनमध्ये ड्युअल क्लच गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनने सुमारे 3 लाख 84 हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, इतका तो विषय मोठा आहे. तिला मी मॅन्युअलच सुचवली. ती लगेच म्हणाली, "मग तुझीच दे ना!"

दिली नाही. आईचं पुढचं इंजेक्शन आता दोन महिन्यांनी आहे, डॉक्टरांनी अंतर वाढवलंय. त्याआधी मागचे ब्रेक आणि डावीकडची खिडकी करून घ्यायची आहे. तिची मोटर गेलीय, काच अर्ध्यात अडकते. काकांनी 3 हजार 800 सांगितलेत. साडेतीनला करतील.